नवरदेव कोणत्या गाडीत?

माझे बाबा आणि आमचे हे, दोघांना एका ताटात जेवू घाला, पण गाड्यांच्या किल्ल्या देऊन एका रस्त्यावर सोडू नका. मी सोडलं, म्हणून सांगते.

त्या वर्षांत वऱ्हाडात शेती करणाऱ्या पोराला कोणी पोरगी देत नव्हतं. शिपाई चालेल, शेतकरी नको. माझ्या धाकट्या भावाला तर इतके नकार आले होते, की पाहुण्यांचं नाव काढलं की तो वावरात निघून जायचा. अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा आई म्हणाली, हे हातचं गेलं तर हा पुन्हा कुठं यायला तयार होणार नाही.

छाप पडावी म्हणून बाबांनी आपली जुनी अमेरिकन गाडी काढली. बाबा नोकरीला होते ती कापसाची जिनिंग बंद पडली तेव्हा मालकानं थकलेल्या पगाराऐवजी ती त्यांच्या गळ्यात मारली होती. लांबलचक नाक, दोनच दारं, आणि इंजिन सुरू झालं की गल्लीतली कुत्री गायब. आमचे हे पुण्याचे. ह्यांनी नवीकोरी स्टेशन वॅगन आणली होती, दिसायला सामान वाहायची, पळायला शर्यतीची. डोळ्याचं पातं लवेपर्यंत शंभर गाठते म्हणे. बाबांनी विचारलं, बडनेऱ्याच्या पुढं शंभर गाठायले रस्ता कुठी हाय, जावईबापू? त्यांची स्वतःची गाडी पेट्रोल ढोसायची, ते बोलायची मात्र कोणाची टाप नव्हती.

कोणालाच दुखवायचं नाही म्हणून दोन्ही गाड्या निघाल्या आणि आम्ही आळीपाळीनं बसलो. अमेरिकन गाडीत मागं जायला पुढची सीट वाकवावी लागे. आत्या तिथं अशी अडकली, की आईनं आणि मी तिला ओढून काढली. वॅगनमध्ये पट्टा लावला नाही की टिंगटिंग सुरू, आणि पट्टा लावला की आत्या सुरू. मूर्तिजापूरला चहा झाला, पुन्हा अदलाबदल झाली, आणि तिथून सासरे-जावयांनी चक्क शर्यत लावली. जिंकलं कोण, यावर अजून भांडण आहे.

अकोल्यात मुलीच्या दारात उतरलो. तिच्या वडिलांनी विचारलं, मुलगा कोणता? बाबांनी वॅगनकडं बोट केलं, ह्यांनी अमेरिकनकडं. भाऊ दोन्हींत नव्हता. तो मूर्तिजापूरलाच राहिला, टपरीमागं हात धुवायला गेलेला. मोबाईल लावला तर तो वॅगनच्या सीटवर वाजला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हे दोघं अंगणात उभे राहून मायलेज काढत होते!

बऱ्याच वेळानं भाऊ झेंडूच्या टेम्पोतून उतरला, केसांत पाकळ्या. आम्ही त्याला बिझनेस आहे म्हणायला पढवलं होतं. मुलीनं पोहे ठेवले आणि सरळच विचारलं, काय करता?

"शेती करतो," तो म्हणाला. "गाड्या ह्यायच्या हायेत."

सगळे पोह्यांत बघू लागले. विचार करून कळवतो, असं मुलीचे वडील म्हणाले. हे वाक्य आम्हाला पाठ होतं. आई उठली, भावानं चपला शोधल्या. फाटकाशी बाबांचं आणि ह्यांचं पुन्हा जुंपलं, परत जाताना पुढं कोण. दोघांनीही इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात मुलगी उंबऱ्यापर्यंत आली.

"थांबा," ती भावाकडं बघून हसत म्हणाली. "आधी त्यायले गाडीत बसवा, नाही तं पुन्हा राहतीन."

आईनं माझा हात घट्ट धरला. बाबांनी गाडी बंद केली.