एका होडीच्या दोन नोंदी

चालणारा प्रोग्राम दाखवला, की फर्नांडिस सर चष्मा काढून ठेवत. "चलता ता कळला माका. आता खंयसून मोडता, ता सांग." सर निवृत्त गणित शिक्षक. रविवारी अकराला चर्चमधल्या मिस्साहून आले की आपल्या पडवीत बसून मला पायथॉन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकवत. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा, मालवणात मच्छीमार सोसायटीत कारकून.

समुद्रात गेलेल्या-आलेल्या होड्यांची यादी माझ्याकडे होती. होडीला नंबर असतो, पण आमच्याकडे ती ओळखतात तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, नावाने. म्हणून पायथॉनच्या तयार डिक्शनरीवरून, म्हणजे नावापुढे नोंद ठेवणाऱ्या वहीवरून, मी माझा सबक्लास, म्हणजे तिचीच थोडी बदललेली वही, केला. एकेक नोंद करण्याची रीत तेवढी बदलली: 'बाबल्या' लिहिलं तरी नोंद त्याच्या नंबराखाली जावी. चार दिवस चोख चाललं. सरांना दाखवायचं राहिलं.

पाचव्या दिवशी वाऱ्याचा इशारा आला. बंदरावरची सकाळची यादी मी 'अपडेट'ने एकदम भरली होती. तीत बावीस नंबर आणि एक नाव, बाबल्या. दुपारभर फोन येत गेले, कोणी नाव सांगे, कोणी नंबर, मी एकेक नोंदत गेलो. शेवटी सगळे परतले, बाबल्या तेवढा समुद्रात. त्याची बायको शालन माझं टेबल धरून उभी. तिचा दीर त्याला शोधायला होडी लोटायच्या तयारीत.

मी नोंदी मोजल्या. चोवीस. गेल्या होत्या तेवीस. सरांना फोन केला. ते सायकलने आले, पडद्याकडे बघितलं.

"शालन, बाबल्याचो नंबर कितको गो?"

तिने सांगितला. तो नंबर यादीत होता, पुढे 'देवगडला लागली'. शालनने तिथूनच दिराला फोन लावला. "लोटू नको रे. देवगडाक आसा तो."

सर मला रागावले नाहीत. "तू एकाच दाराक राखण ठेवलंस. अपडेट दुसऱ्या दारान आत गेला, म्हणान सकाळचो 'बाबल्या' नावाखालीच रवलो नि दुपारचो नंबराखाली गेलो. तयार डिक्शनरी तुका विचारूक थांबणा नाय. तिच्याऐवजी यूजरडिक्ट घे, ती पण तशीच वही. खंयसूनय येवंदे, तुझ्याच हातातसून जातला." त्यांच्यासमोर बसून मी तसं केलं, आणि त्यांनी ते अर्धा तास मोडून बघितलं.

सरांना जाऊन दोन वर्षं झाली. पडवीला कुलूप आहे. रविवारी अकरा वाजले की अजून मला काही सुचत नाही.

इशारा आला की शालन येते. मी सांगतो, यादी बरोबर आहे, दोनदा मोजली. "होय भाऊ," म्हणते आणि उभीच राहते. सर होते तोवर इशाऱ्याला तेही येत, म्हणायचे, "बस गो शालन," आणि ती बसायची.