आठ टाचण्यांची चाल

आमचा दादा शाळेत संगीत शिकवतो, पण त्याच्या वर्गात गेलात तर कुणी गाताना दिसेलच असं नाही. बारा संगणक, बारा जणांच्या कानांवर हेडफोन आणि कोपऱ्यात एक पियानो, त्याच्यावर मी शिवून दिलेलं निळं कापड. मुलं संगणकाला लिहून सांगतात, असं असं गाणं हवं. मग ती कृत्रिम बुद्धिमत्ता की काय म्हणतात ती मिनिटभरात गाणं करून देते, आणि दादा त्या गाण्याची चिरफाड करत बसतो. फळ्याच्या वरच्या कडेला त्याचे तीन नियम लिहिलेले आहेत. पहिला, घरून एक आवाज आणल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. दुसरा, मूळ आवाज कधी पुसायचा नाही. तिसरा, गाणं संपलं की थांबायचं. हा तिसरा याच वर्षी आला. तो कुठून आला हे मुलांना माहीत नाही. मला माहीत आहे, कारण त्या वेळी मी दादाच्या पायाशी बसले होते.

मी त्याची धाकटी बहीण. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लांब असेल ते आखूड करायचं, घट्ट असेल ते सैल करायचं, आणि गिऱ्हाईक जाड झालंय हे न बोलता सांगायचं. दुकान आधी आईचं होतं. आई गेली तेव्हा दादा अठराचा होता आणि मी तेरा वर्षांची. त्याने गाणं धरलं, मी मशीन धरलं. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. लहानपणी मी तोंड उघडलं की दादा कानांवर हात ठेवायचा.

आई मात्र काम करताना गुणगुणायची. एकच चाल, शब्द नाहीत, काही नाही. दादाला तिचा पहिला भाग पक्का येत होता. पण एका ठिकाणी ती तुटायची. तो म्हणायचा, "सूर तिथं टांगून राहतो बघ. पुढे काहीतरी आहे. मी लहान होतो, माझ्या लक्षात राहिलं नाही." त्या पुढच्या भागापायी त्याने किती जुनी गाणी ऐकली असतील! रेडिओवर काही लागलं की जेवता जेवता हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. म्हाताऱ्या गवयांना भेटून आला. ही चाल ओळखीची आहे असं एकानेही सांगितलं नाही. लग्न झालं, केस पांढरे झाले, निवृत्ती तोंडावर आली, तरी हे वेड डोक्यातून गेलं नाही. मी चेष्टा करायचे. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्याकडे आईची निदान अर्धी चाल तरी होती. मला आठवायची ती फक्त तिची बोटं आणि खडूचा वास. आवाज मला आठवतच नव्हता, आणि हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुख्याध्यापिकेने त्याला बोलावून सांगितलं, "सर, तुमच्या तासाला मुलं पेंगतात. एक तर हे नवीन शिकून घ्या, नाहीतर तुमचा तास व्यायामाला देते." दादा तिथून तडक दुकानात आला, नाकाचा शेंडा लालभडक.

"यंत्र गाणार म्हणे! मग मी काय टाळ्या वाजवू?"

"वाजव की," मी म्हटलं. "तालात तरी वाजवशील."

पण गेला बिचारा. आपल्या निम्म्या वयाच्या मास्तरांमध्ये सहा आठवडे बसून शिकला. जो माणूस फोनवर काही आलं की तो उलटा ठेवून देतो, तो वहीत बाण काढून टिपणं घ्यायला लागला. आणि बघता बघता त्याला गोडी लागली. त्याचं म्हणणं असं, की यंत्राला सगळं येतं, फक्त आपल्याला काय हवंय ते त्याला माहीत नसतं. आणि मुलांनाही ते माहीत नसतं. "दुःखी गाणं" असं कुणी लिहिलं की तो विचारतो, कोण दुःखी आहे? किती वाजलेत? कुठे बसलाय तो? एका मुलाने बराच वेळ डोकं खाजवून लिहिलं, "बाबा कामावरून आलेत आणि एक बूट काढून तसेच बसलेत." त्यावरून जे गाणं निघालं ते म्हणे सगळ्या वर्गाने तीनदा लावून ऐकलं.

घरून आणायच्या आवाजांची तर मजाच असायची. कुणी फ्रिजची घरघर आणली, कुणी फाटकाची कुरकुर, एकाने आजोबांचं खोकणं आणलं. तो आवाज यंत्राला द्यायचा आणि त्याच्याभोवती गाणं बांधायचं. या वर्गात एक मुलगी आहे, दादा तिला मिरची म्हणतो. शाळेत कुणालाही न घाबरणारी. तिने एक दिवस विचारलं, "सर, आम्ही सगळ्यांनी आणले. तुमचा आवाज कुठाय?"

दादा माइकसमोर बसला आणि त्याने आईची चाल गुणगुणली. जिथे तुटते तिथे थांबला. त्या यंत्रात म्हणे एक सोय आहे, अर्धवट दिलेलं ते पुढे नेऊन पुरं करतं. मिरचीने बटण दाबलं.

त्या दुपारी दादा फोन घेऊन दुकानात आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. मशीन बंद करायला लावून त्याने मला ते ऐकवलं. आधी त्याचं गुणगुणणं, आणि ते जिथे थांबतं तिथून व्हायोलिनं. एक नाही, पंचवीस-तीस तरी असावीत.

"पुढचं सापडलं गं," तो म्हणाला. "हेच असणार. हेच ना? आठव की!"

"छान आहे," मी म्हटलं. "लग्नात जेवणाच्या वेळी लावतात तसं."

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग सुरू झाला तो नादच. शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलीत एकटा बसायचा. यंत्राने एक पुढचा भाग केला, तो पटला नाही, दुसरा केला. साठ-सत्तर तरी केले असतील. पुढचं जुळावं म्हणून आधीचं गुणगुणणं थोडं बदलून द्यायचा, इथे सूर जरा लांबवून, तिथे श्वास न घेता. शाळेच्या खात्यात जागा थोडी, जुनं पुसल्याशिवाय नवं ठेवता यायचं नाही. तेव्हा पुसत गेला. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांची गाणी वाजायची होती, त्यात शेवटी आपली "आईची चाल" वाजवायची असंही त्याने ठरवून टाकलं. पत्रिका छापून आल्या. एक मला आणून दिली, ती मी आरशाच्या चौकटीत खोचली.

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना मिरचीने त्याला वर्गात थांबवलं. तो फळा पुसता पुसता गुणगुणत होता.

"सर, हे पहिल्या दिवशीचं नाहीये."

"तेच आहे."

"नाही सर. तेव्हा तुम्ही मध्येच थांबला होता. आणि थांबायच्या आधी तुमचा आवाज जरासा खाली आला होता. आता तुम्ही थांबतच नाही."

दादाने हसून पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली. थांबायच्या जागेवरून तो सरळ पुढे गेला, व्हायोलिनांत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग घाईघाईने संगणकावर पहिल्या दिवसाचं शोधायला बसला, तर ते त्याने स्वतःच्या हाताने कधीच पुसलेलं. मिरचीने फळ्याकडे पाहिलं. दुसरा नियम तिथेच होता, ठळक अक्षरात. तोंडाने चुरूचुरू बोलणारी ती पोरगी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. तेच मला जास्त लागलं, असं दादा मला म्हणाला.

एकोणचाळीस वर्षं जपलेली अर्धी चाल, तीही गेली. गाणं शिकवणाऱ्याचा कान पक्का असतो, म्हणूनच घात झाला. माझ्यासारखीने शंभर वेळा ऐकलं असतं तरी डोक्यात काही शिरलं नसतं. त्याच्या कानात यंत्राचं प्रत्येक वळण जाऊन बसलं आणि आई बाहेर पडली.

वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे गुणगुणतच नाहीत हो. आंघोळ करताना नाही, चहा करताना नाही. घरात कसं सुनंसुनं वाटतं. तुम्ही तरी बोलून बघा."

मी काय बोलणार? मी त्याच्या त्या गाण्याला लग्नातलं जेवण म्हणाले होते. रात्रभर ते माझंच मला टोचत राहिलं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तो दुकानात आला, नवीन पँट घेऊन. पँट वीतभर लांब. दादाचे पाय लहानपणापासून आखूड, याबाबतीत देवाने काहीच सुधारणा केलेली नाही.

"चढ," मी स्टूल दाखवून म्हटलं.

लाकडी स्टूल, आईच्या वेळचं. ज्याची पँट आखूड करायची त्याला त्याच्यावर उभं करायचं, म्हणजे आपली कंबर वाचते. लहानपणी आम्ही दोघं त्याच्यावर चढून उभे राहायचो आणि आई खाली बसून आमच्या कपड्यांना दुमड घालायची. दादा कुरकुरत चढला. समोरच्या आरशात त्याला ती पत्रिका दिसली असणार.

"माझं नाव काढायला सांगतोय," तो म्हणाला. "लोकांना आईची चाल म्हणून काय ऐकवू? ती आता माझ्याकडे नाही."

"दादा..."

"राहू दे. तू तुझं काम कर."

मी उकिडवी बसले. एका पायाला आठ टाचण्या लागतात. त्या आधी तोंडात धरायच्या, ओठांत घट्ट, आणि एकेक काढून लावत जायचं. मला हे आईने शिकवलंय. मी डावा पाय घेतला, दुमड घातली, पुढून लावत मागे आले. टाचण्या लावताना मी कसलाच विचार करत नाही, हात आपोआप चालतात.

तिसऱ्या की चौथ्या टाचणीला दादाचा पाय ताठ झाला.

"ठोचलं खा?" मी टाचण्यांमधून विचारलं.

"गप्प! थांबू नकोस. चालू दे."

हा काय प्रकार, मला कळेना. मी उरलेल्या लावल्या. शेवटची लावली, तोंड मोकळं झालं.

"झालं," मी म्हटलं. "आता दुसरा पाय."

"तू हे रोज करतेस?"

"दिवसाला दहा पँटी तरी असतात."

"पँटीचं नाही गं! तू गुणगुणत होतीस."

"मी? चल, काहीतरीच काय!"

"कर. पुन्हा कर."

मी प्रयत्न केला. तोंडातून जे निघालं ते ऐकून दादाने लहानपणासारखे कानांवर हात ठेवले. आम्ही दोघंही हसलो, पण त्याचं हसू लगेच विरलं.

"टाचण्या घे," तो म्हणाला. "आठच घे. आणि माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. काम कर."

मी उजवा पाय घेतला. आता मला माझंच ऐकू यायला लागलं होतं, पण हात चालत होते म्हणून तेही चालत राहिलं. तोंड बंद, त्यामुळे नाकातून येणारा बारीकसा आवाज. एकेका टाचणीबरोबर पुढे सरकणारा. शेवटच्या टाचणीला मान आणखी वाकवावी लागते, तिथे तो जरासा खाली आला. टाचणी लागली. आवाज थांबला.

"झालं. उतर खाली," मी म्हटलं.

आणि तो आवाज माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण मला तो ओळखीचा वाटला. किती वर्षांनी ऐकला मी तो!

दादा आरशात बघत होता. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"पुढे काही नव्हतंच," तो म्हणाला. "टाचण्या संपायच्या गं. टाचण्या संपायच्या आणि ती म्हणायची, झालं, उतर खाली. मी वेड्यासारखा पुढचं शोधत राहिलो."

दुकानाच्या बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी उठून त्याचा फोन घेतला.

"यात भरून घेतोस का? मी पुन्हा करते हवं तर. तुझ्या पोरांना ऐकव. त्या मिरचीला ऐकव."

"ऐकवीन. पण आत्ता नको."

"बरं, मग उतर आता. गुडघे दुखतील."

तो उतरला नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेला, टाचण्या लावलेल्या पँटमध्ये हात सरळ ठेवून उभा होता, आई उभं करायची तसा.

"उतर ना रे दादा."

"उतरलो की संपलं," तो म्हणाला.

मी खाली बसले, उजव्या पायाच्या आठही टाचण्या काढल्या आणि परत तोंडात धरल्या.