तीन पाळ्या, एक सर्टिफिकेट

लग्न होऊन मी ज्या घरात आले ते घर नव्हतं, क्वार्टर होती, आणि तिच्या मागच्या दारापासून चाळीस पावलांवर मैलापाण्याची विहीर होती. कोल्हापूरच्या वेशीबाहेर एका गिरणीनं कामगारांसाठी वसाहत बांधली होती. तिथलं न्हाण्याधुण्याचं आणि संडासांचं सगळं पाणी नळांतून येऊन त्या विहिरीत पडायचं, लोखंडी जाळीतून गाळून पंपानं वर चढायचं, दोन टाक्यांत निवळायचं आणि शेवटी ओढ्यापलीकडच्या गवताच्या रानाला जायचं. आमचे हे तिथले ऑपरेटर. माहेरी गडहिंग्लजला आईनं शेजारणींना सांगून ठेवलं होतं, जावई पाण्याच्या कामावर आहे. खोटं नव्हतं, कसल्या पाण्याच्या ते कुणी विचारलं नाही.

संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि मुंबईचे कायदे एकेक करून आमच्याकडे पोचत होते. त्यातला एक असा की अशा ठिकाणी प्रत्येक पाळीला सरकारी परीक्षा पास झालेला एक माणूस हजर पाहिजे. ह्यांनी पुण्याला जाऊन ती परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत घालून पंपघराच्या भिंतीवर टांगलं. पण पाळ्या होत्या तीन, आणि पास झालेला माणूस एक. गिरणीच्या मॅनेजरसाहेबांनी तोड काढली. "तुम्ही बायकोला घेऊन आवारातच राहायला या," ते ह्यांना म्हणाले, "चोवीस तास आवारात म्हणजे तिन्ही पाळ्यांना हजर." झालं! हे जेवत असले तरी हजर, घोरत असले तरी हजर. हजेरीबुकात एकाच माणसाच्या तीन-तीन सह्या. माझ्या भावाच्या लग्नाला मी एकटी गेले, कारण ह्यांना एक रात्रसुद्धा आवाराबाहेर काढायची सोय नव्हती. मी चिडून म्हणायची, माझं लग्न तुमच्याशी लागलंय की त्या चौकटीशी?

विहिरीत उतरायचं काम मात्र ह्यांचं नव्हतं. ते मामाचं. मामा म्हणजे जाळीत अडकलेला कचरा काढणारा माणूस. पन्नाशीला टेकलेला, बुटका, रुंद खांद्यांचा. सगळे त्याला मामा म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. त्याचा चहाचा कप आमच्या मागच्या ओसरीवरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

आठवड्यातून एकदा मामा लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरायचा. कमरेला दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक वर पंपावरच्या हेल्परच्या हातात. त्याला उतरू द्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क कायद्यानं फक्त सर्टिफिकेटवाल्याला. हे आधी कंदील खाली सोडून बघायचे. पण मैलापाण्यात एक सडक्या अंड्याच्या वासाचा वायू धरतो, त्यात कंदील जळतच राहतो आणि माणूस विझतो. त्याच्यासाठी पुण्याहून खास कागद आणले होते. वायू असला की ते काळे पडायचे. कागद संपले तेव्हा ह्यांनी मॅनेजरसाहेबांकडे अर्ज केला. साहेब म्हणाले, "अहो, देवानं नाक कशाला दिलंय?" त्यानंतर राहिलं ते नाक.

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हे मला मोठ्या ऐटीत समजावून सांगायचे, "ह्या वायूची गंमत अशी की तो आधी नाकच मारतो. जास्त झाला की वास येईनासाच होतो." मी हूं हूं करत भाकरी थापत होते. त्यात गंमत कसली ते मी विचारलं नाही.

ह्यांचं नाक गेलंय हे मला कळलं ते एका रविवारी. मी चुलीवर सुकट भाजत होते. सुकट भाजली की चार घरांपलीकडचं मांजर धावत येतं, आणि हे चुलीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. मान वर न करता मला म्हणाले, "आज काय करतेस गं जेवायला?" मला आधी चेष्टाच वाटली. मग मी तवा ह्यांच्या नाकाखाली धरला. हे माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

बोलणार कशी? नाक गेलेला ऑपरेटर सरकार ठेवणार नाही. सर्टिफिकेट गेलं की नोकरी गेली, क्वार्टर गेली, आणि गावात आम्हांला दुसरं छप्पर नव्हतं. आपलं माणूस दर आठवड्याला कुणाच्या तरी जिवाची हमी देतं आणि त्याला सुकटीचा वास येत नाही, ह्या एका विचारानं मला कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग आम्ही दोघांनी एक चोरटी वाट काढली. मामा उतरायच्या वेळी मी चहा घेऊन विहिरीच्या काठावर जायची. वास आला तर पदर नाकाला लावायचा. पदर दिसला की हे म्हणायचे, "आज नको." नाही दिसला तर म्हणायचे, "जा." सर्टिफिकेट ह्यांचं, नाक माझं.

मामाला हे कळायला आठवडाही लागला नसेल. पण तो काही बोलला नाही. काठावर येऊन माझ्यासमोर खाली मान घालून उभा राहायचा, मग दोराला गाठ मारायचा. दहा माणसांत रांगडा बोलणारा हा गडी माझ्यासमोर नजर वर करत नाही, म्हणून मला त्याचं कौतुक होतं. साहेबाच्या बायकोचा मान ठेवतोय, असं मी धरून चालले.

त्याच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे तो फक्त गुरुवारी उतरायचा. ह्यांना सोमवार सोयीचा, पण मामा हटून बसला. "सायेब, मी बेस्तरवारीच उतरनार. दुसऱ्या दिशी सांगू नगासा." दत्ताचा वार पाळत असेल म्हणून ह्यांनी नाद सोडला. दुसरी खोड म्हणजे एखाद्या गुरुवारी मी पदर लावलेला नसताना, ह्यांनी जा म्हटलेलं असताना, तो ऐनवेळी अंग काढून घ्यायचा. "आज कंबर धरलीया." "आज सपान लई वंगाळ पडलं, सायेब." हे वैतागायचे. मी हसून म्हणायची, "मामा, तुझ्या पंचांगात महिन्याला दोन-दोन अमावस्या असतात काय रे?" तो मान खालीच ठेवून म्हणायचा, "असत्यात की, वैनीसाब."

त्या जागेत आणखी एका गोष्टीचा मला भारी त्रास होता, तो म्हणजे चांदीचा. माझ्याकडे चांदी ती केवढी. निरांजन, कुंकवाचा करंडा आणि पायांतली जोडवी. पण शुक्रवारी लख्ख घासली की चार दिवसांत पिवळी पडायची, मग निळसर, आणि कधीकधी पुढचा शुक्रवार यायच्या आत काळी ठिक्कर. दर शुक्रवारी, अंबाबाईच्या वारी, न्हाताना चांदी घासायची ही आईची शिस्त. मी चिंच आणि रांगोळी घेऊन बसायची आणि ओढ्याकाठच्या दमट हवेला शिव्या घालायची. कागद काळा पडतो हे मला ठाऊक होतं. पण ते ह्यांच्या खात्यातलं, आणि चांदी माझ्या.

दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी मला वाटायला लागलं की जागा सुधारली. पदर नाकाला लावायची वेळ महिना महिना येईना. त्या उन्हाळ्यात धाकटी बहीण राहायला आली ती दारातच ओकारी देत थांबली. "अक्का, कशी राहतीस गं हितं?" तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मी तिला हसले. नाजूक म्हटलं, शहाणी म्हटलं. ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेली आणि मी दिवसभर तिच्यावर धुसफुसत राहिले. त्याच वेळी माझ्या मनात शंका यायला हवी होती. आलीही असेल. पण मला वास येत नाही असं कबूल केलं असतं तर मग नाक कुणाचं आणायचं?

पावसाळ्याच्या आधी चिठ्ठी आली की पुण्याहून तपासणी अधिकारी येणार, गुरुवारी अकरा वाजता. प्रत्येक पाळीला पास झालेला माणूस आहे की नाही हे बघायला. मॅनेजरसाहेब स्वतः येऊन ह्यांना बजावून गेले, "जाळी स्वच्छ दिसली पाहिजे, आणि साहेबांचा चहा तुमच्याकडे." ह्यांचा चेहरा आठवडाभर उतरलेला. साहेबांनी सहज काही वास घ्यायला सांगितलं तर? मी म्हटलं, "मी आहे ना मागे उभी."

त्या आठवड्यात जोडवी कधी नव्हे इतकी काळी पडली. मंगळवारीच. बुधवारी तर जांभळटसर काळी, जळलेल्या तव्यासारखी. मला लाज वाटली. पुण्याचा साहेब घरी चहा पिणार आणि बाईच्या पायांत हे! शुक्रवारपर्यंत थांबायला वेळ कुठला? गुरुवारी उजाडताच न्हाणीत बसले, चिंच लावली, रांगोळीनं घासघासून जोडवी पांढरीशुभ्र केली. तशी ती लग्नातही चमकली नसतील.

सातच्या सुमाराला चहा घेऊन काठावर गेले. ह्यांनी कंदील सोडला. तो छान जळत राहिला. मी श्वास घेतला. ओल्या मातीचाही वास आला नाही, कसलाच नाही. पदर खांद्यावरच राहू दिला. हे म्हणाले, "जा मामा, लवकर आटप." मामा माझ्यासमोर खाली मान घालून उभा होता. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "आज ब्येस हाय," आणि दोराला गाठ मारून उतरला.

सहावी-सातवी पायरी असेल. हात सुटल्याचा आवाज आला नाही, ओरडल्याचा नाही. नुसता दोर ताणला. हेल्पर ओरडला तसे हे पायऱ्यांकडे धावले. मी मागून सदरा धरला, दोन्ही हातांनी, फाटला तरी सोडला नाही. हे मला शिव्या देत होते. मी सोडलं असतं तर दोघे गेले असते, हे मला तेव्हा समजलं होतं असं मी म्हणणार नाही. मी फक्त माझं माणूस धरून ठेवलं. हेल्परनं आणि ह्यांनी मिळून दोर ओढला तोवर मामात काही उरलं नव्हतं.

अकराला साहेब आले. चहा झाला नाही. त्यांनी हजेरीबुक पाहिलं, भिंतीवरची चौकट पाहिली, ह्यांना विचारलं, "उतरताना तुम्ही स्वतः हजर होता?" "होतो." "वास होता?" मॅनेजरसाहेब मध्येच म्हणाले, "वास असता तर ह्यांनी उतरवलंच नसतं, पास झालेले आहेत." नियमाप्रमाणे सगळं जागच्या जागी होतं. मग माणूस मेला कशानं? कागदावर काहीतरी लिहायला हवं होतं. दारूबंदीचे दिवस होते. चोरून पिणारे पुष्कळ. 'मयत नशेत असावा' असं लिहिलं गेलं आणि खाली ह्यांनी सही केली. मी दारात उभी होते. मी ह्यांना थांबवलं नाही.

पंधरा दिवसांनी मामाची बायको आली. ओसरीच्या पायरीखाली बसली. त्याचा कप कोनाड्यात तसाच होता. मी तो घाईनं आत नेला, का ते माहीत नाही. ती रडली नाही. म्हणाली, "वैनीसाब, एकच इचारायला आलोय. लोक म्हंत्यात, पिऊन उतरला. दोन पोरं हाईत, त्यास्नी काय सांगू?"

मी वरच्या पायरीवर बसले.

"त्यो थेंब घेत न्हवता. आन् इतका येडा न्हवता. ह्या इहिरीवर त्येचा इस्वास सायबावर न्हवता, तुमच्या नाकावर बी न्हवता. राग मानू नगासा." ती माझ्या पायांकडे बघत होती. "त्यो तुमची जोडवी बगून उतरायचा. म्हनायचा, वैनी सुक्रवारी घासत्यात, बेस्तरवारपातुर काळी पडली की खाली मरान हाय. मग काय तर सबब सांगून घरी यायचा. त्या दिशी त्येनं बगितलं न्हाई काय? का जोडवी पांढरी व्हती?"

माझ्या पायांतली जोडवी तेव्हा पुन्हा काळी पडली होती. मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. पंधरा दिवसांपूर्वी त्याची मान माझ्यासमोर जास्त वेळ का खाली होती, ते मला त्या पायरीवर कळलं. तो ताडून बघत होता. आठवडाभराचा वायू मी पहाटे चिंचेनं धुऊन टाकला होता.

आत हे होते. भिंतीपलीकडे, ऐकू जाईल इतक्या जवळ. मी घासली म्हणून सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार होता, वैनीसाब, तुमास्नी वास आला न्हाई? आणि त्याच्या पुढचा ह्यांच्या नाकाचा.

"पांढरी होती," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मग त्येची चूक न्हाई. पोरास्नी सांगते, तुमच्या बानं बगितलंतं." आणि उठताना, मी मागे सरकायच्या आत, वाकून माझ्या पायांना हात लावला.

पुढच्या महिन्यात गिरणीनं दुसरा पास झालेला ऑपरेटर नेमला, कागदांची नवी पुडकी आली, आणि हे लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याबरोबर चार दिवस गडहिंग्लजला आले. नशेत असावा हे वाक्य कुणी खोडलं नाही. ते खोडू शकेल असं जे खरं होतं ते माझ्याजवळ होतं, आणि मी ते तिला दिलं नाही.