एका कान्यासाठी भांडलेली माझी सासू

माझी सासू दम्यानं गेली नाही.

हे आधी लिहून टाकते, कारण सकाळपासून जो येतोय तो तेच विचारतोय. दमा होता, पण गेल्या त्या हार्टनं. काल दुपारी, चहा पिऊन, कप खाली ठेवून.

चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना सुमनबाई म्हणायचे. मी आई म्हणायची.

मी अकोल्याची. लग्न होऊन इकडे आले ते कापसाचे वाईट दिवस होते. टीव्हीवर रोज विदर्भ.

शेतात फवारणी सुरू झाली की आई ओट्यावर बसून श्वास ओढायच्या. आणि त्यातही मला कामं सांगायच्या. दमा त्यांचा, धाप माझी.

त्याच वर्षांत त्यांनी बचत गटाच्या बायांना घेऊन तेलाची भट्टी लावली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेला गवती चहा कापायचा आणि वाफेवर त्याचं तेल काढायचं.

पुरुष मंडळी हसली. "कापसाचं काई झालं नाई, आता गवत उकळून राहिल्या!"

आईंनी ऐकून घेतलं नाही. चांगलं सुनावलं.

ते तेल त्यांना मानवायचं. संध्याकाळी रुमालावर थेंब टाकून डोळे मिटून बसायच्या. खांदे खाली यायचे, श्वास हळू व्हायचा.

निलगिरीचं तेल मात्र त्यांना जमलं नाही. त्या वासानं उलट छाती आवळायची.

अमरावतीच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, "वासानं बरं वाटत असेल तर घ्या. पण औषध म्हणजे पंप." आईंनी त्याची खूणगाठ बांधली. इनहेलर कायम पोलक्यात.

कापूस वेचून आलेल्या बाईला त्या म्हणायच्या, "बस वं, दम खा." दम खाणं म्हणजे घडीभर टेकणं. म्हणून तेलाचं नाव ठरलं, दम तेल.

लेबलं छापायचं काम माल घेणाऱ्या अकोल्याच्या व्यापाऱ्याकडे दिलं. छापणाऱ्याला वाटलं, बायांचं शुद्धलेखन चुकलं. त्यानं आपल्या मनानं एक काना देऊन टाकला.

दमा तेल.

व्यापारी खूश. "बाई, हेच राहू द्या. यालेच मार्केटिंग म्हणतात."

आणि खरंच माल उडाला. भट्टी रोज पेटायला लागली. ज्या घरांत कापसानं काही ठेवलं नव्हतं, तिथं पोरांची शाळा त्या तेलावर सुरू राहिली. आई कुरकुरल्या, पण बायांची तोंडं बघून गप्प बसल्या.

मग एका बाजारच्या दिवशी रुखसानाभाभी आल्या. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान. दारात उभं राहवत नव्हतं त्यांना. ओठ निळे पडले होते.

"भाभी, पंप घेतला नाई काय?" आई ओरडल्या.

"छोड दिया... बाटली पे दमा लिखा है ना, बाई."

 आईंनी भाभींना ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. भाभी वाचल्या.

आई परत आल्या त्या तडक भट्टीवर. बायांना बोलावलं. समोर भरलेल्या बाटल्यांची खोकी, हातात ब्लेड.

"हा काना खरवडून टाका."

सिंधूकाकू म्हणजे गटातल्या सगळ्यात तिखट. त्या उसळल्याच. "सुमन, येडी झाली काय? एका कान्यासाठी ऑर्डर घालवून राहिली? माह्या पोरीची फी कोन भरन?"

"त्या कान्यानं आज बाई मरत होती वं. मले दमा हाय. तेल काय करते अन् काय नाई करत, मले मालूम हाय."

कुणी हललं नाही. आई एकट्याच बसल्या. खरवडता खरवडता खोकला आला, पंप मारला, पुन्हा ब्लेड उचललं.

मग मी शेजारी जाऊन बसले. फार अभिमान वाटला. फीचा हिशोबही मनात सुरू झाला, कारण शाळेत माझंही पोरगं होतं.

व्यापाऱ्यानं ऑर्डर रद्द केली. भट्टी थंड पडली. सिंधूकाकूंनी गट सोडला, रस्त्यात दिसल्या तरी तोंड फिरवायच्या.

आई त्या खरवडलेल्या बाटल्या पिशवीत भरून चिखलदऱ्याला गेल्या. पॉइंट बघून थकलेल्या पर्यटकांना गाठायच्या.

"बसा, दम खा, वास घ्या. दम्याचं औषध नोय हे. छाती आवळली त बाटली बंद करा."

असं कोण विकतं हो? पण लोक हसायचे आणि घ्यायचे.

हळूहळू भट्टी पुन्हा पेटली. पहिल्यासारखा माल पुन्हा कधी उडाला नाही, हेही सांगते. पण ती आजही चालू आहे. पुढे सिंधूकाकूही परत आल्या. माफी कुणी कुणाची मागितली नाही. नुसत्या येऊन गवत कापायला बसल्या.

सून असून सासूचं एवढं कौतुक, म्हणून मैत्रिणी हसतील. हसा. भांड्यावरून, मिठावरून, माझ्या माहेरावरून आम्ही भरपूर भांडलो. पण अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आज सकाळी घर माणसांनी भरलं होतं. एक लांबची पाहुणी माझ्या कानाशी आली. "बाई, ते तेल माह्या पोराच्या दम्याले चालन काय?"

मी तोंड उघडायच्या आत सिंधूकाकू रडता रडता उठल्या.

"डॉक्टरले दाखवलं काय? नाई? मंग आधी तिकडं जा. तेल कुठी पळून नाई चाललं."

आई, निवांत जा. भट्टीवर आम्ही आहोत.

ताठ मानेनं तुम्हाला शेवटचा नमस्कार.