साखळी मांडीवर घेऊन

पाळी गावाच्या रस्त्यावर खनिजाने भरलेला ट्रक आमच्या शेताकडे कलला होता. तो ओढायला क्रेन घेऊन आलेल्या माणसाचे नाव मला ठाऊक नाही. जाड साखळीची एकेक कडी तो बोटांनी चाचपत होता.

खाणीचा मुकादम ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाला, "माल शेतात ओत, गाडी हलकी होईल."

वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी नुकतीच झाली होती.

क्रेनवाला मुकादमाला म्हणाला, "ह्या बायचा भात काय तू पिकवतलंस? दुसरो ट्रक आण, माल त्यात भर. तोवर मी साखळी लावूचंय नाय."

"काम जातला तुझा!"

"जाऊंदे."

साखळी मांडीवर घेऊन तो बांधावर बसला. परक्यांसमोर मी कधी बसत नसे. त्या दिवशी शेताकडे पाठ आणि ट्रककडे तोंड करून मीही बसले. दुसरा ट्रक येईपर्यंत आम्ही दोघे उठलो नाही.