जीपखालची दुपार

काल गंजलेली कडी सुटावी म्हणून मुलीनं तिच्यावर डिझेल सोडलं. त्या वासासरशी मी घोडेगावच्या आमच्या अंगणात, दगडांवर टेकवलेल्या जुन्या जीपखाली जाऊन पोचले.

तेव्हा यांचा हात मोडला होता. डोंगरातल्या गावांना माणसं नेणारी आमची जीप चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे तुटून महिनाभर उभी होती. नवे पाटे आणले, पण जुन्यांचे बोल्ट गंजून बसलेले, हलेनात.

थोरले भाऊजी म्हणाले, "सुमन, उद्या जीप न्यायला भंगारवाला येतोय. हे बाईमाणसाचं काम न्हाई."

"उद्या येतोय ना? आजचा दिवस माझा हाय," मी म्हणाले.

बोल्टांवर डिझेल सोडलं, पान्याला लांब पाइप अडकवला आणि पाठीवर पडून दोन्ही पायांनी रेटत राहिले. गंज डोळ्यांत पडत होता. बाजूला बसलेले हे म्हणत होते, "दमानं, झटका देऊ नको." उन्हं कलताना कडकन आवाज झाला. पाना मोडला असं वाटलं, पण बोल्ट फिरला होता. अंधार पडायच्या आत बाकीचेही निघाले.

सकाळी भंगारवाल्याला नुसते जुने पाटे मिळाले.

तेव्हा भाऊजींचा लई राग आला होता. आता कळतं, जीप माझ्या अंगावर पडेल याचीच त्यांना धास्ती होती. तरीही पुन्हा तशी वेळ आली, तर मी त्यांचं ऐकणार नाही.