खर्रा न खाणारा पानठेलेवाला

आमगावला शाळेच्या वाटेवर एक पानठेला होता. ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा आणि त्याच लयीत तोंडानं ढोल, झांज, सगळा बँड वाजवायचा. मोबाइलवर परदेशी बीटबॉक्सर पाहून शिकला होता. शाळेत शिकवायला जाताना मी रोज त्याच्याकडून खर्रा घ्यायचो; तो स्वतः मात्र खर्ऱ्याला शिवायचा नाही.

"काऊन गा?" मी विचारलं.

"तोंड भरलं तं ढोल कुठी ठेवू, गुरुजी?"

एकदा मलाच शिकवायला लागला. "मोठ्ठा आ करा."

मी केला. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. खर्ऱ्यानं तोंड इतकं आखडलंय, हे रोज वर्गात बोलूनही मला कळलं नव्हतं.

त्याचा हात थांबला. "आजपासून तुमाले खर्रा नाही देत मी."

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या ठेल्यावर गेलो. तिथं नुसती पन्नी वाजत होती.